बसाप्पाण्णांचं सिमेंट

"सिमेंटला गोळे झाले होते, एवढंच म्हणायचं, आण्णा. चाळीस-पन्नास पोत्यांना. जास्त नाही."

हे बाकावरून पुढं वाकून अगदी हळू बोलत होते. बांधकाम खात्याच्या ऑफिसातल्या व्हरांड्यात समोरासमोर दोन बाकं होती. एकावर आम्ही नवराबायको आणि समोर, आमच्याविरुद्ध अर्ज केलेले बसाप्पा कोरे. मधल्या फरशीवर कुणीतरी पान थुंकून ठेवलं होतं, त्यामुळे ह्यांना एक पाय आखडून बसावं लागत होतं.

"माझ्या दुकानात गोळे?" बसाप्पाण्णा म्हणाले. "मगदूम, तीस वर्षं झाली सिमेंट विकतोय. पोराबाळांना कधी पंख्याखाली निजवलं न्हाई, पण पोत्यांखाली फळ्या घालायला विसरलो न्हाई. आणि गोळे?"

"म्हणायला काय जातंय? माल खराब होता म्हणून बिल थांबलं, आता आपसात मिटलं. साहेब ताकीद देऊन सोडतील. टाकीच्या पहिल्या बिलात तुमचे निम्मे, दुसऱ्यात निम्मे. आणि परवाना गेला, तर टाकी गेली. मग काय माझं तोंड बघून पोट भरणार आहे तुमचं?"

"तुमचं तोंड बघून भरलेलं पोट रिकामं हुतंय." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "अक्का, राग मानू नका."

मला राग आला नव्हता.

गावात त्यांचं सिमेंट-लोखंडाचं दुकान होतं. आरोग्य उपकेंद्राची इमारत आम्ही बांधली, तिला लागलेलं सगळं सिमेंट आणि सळई त्यांनी उधारीवर दिली. सरकारकडून आमचं शेवटचं बिल निघालं, तरी त्यांचे एक लाख सत्तर हजार आम्ही दिले नाहीत. आज देतो, उद्या देतो यात वर्ष उलटलं. शेवटी त्यांनी खात्याकडं अर्ज केला. ठेकेदारानं पुरवठादाराचे पैसे अडकवले, तर त्याचा परवाना रोखून धरता येतो. त्याचीच त्या दिवशी सुनावणी होती.

आणि परवाना माझ्या नावावर होता. हे आधी सूतगिरणीत सुपरवायझर होते. नोकरीतल्या माणसाला परवाना मिळत नाही, म्हणून पाटीवर नाव लागलं ते 'पार्श्व कन्स्ट्रक्शन, प्रोप्रायटर सौ. राजमती धनपाल मगदूम'. पुढं गिरणी बंद पडली, पण नाव तसंच राहिलं. घर त्या एका कागदावर चालत होतं. दोघी मुली वसतिगृहात शिकत होत्या. पाण्याच्या टाकीचं टेंडर नुकतंच उघडलं होतं आणि सगळ्यांत कमी दर आमचा होता. कामाचा आदेश तेवढा हातात पडायचा होता.

"अक्का, चहा सांगू?" बसाप्पाण्णांनी विचारलं आणि स्वतःच कपाळावर हात मारला. "न्हाई न्हाई. तुमचं बाहेरचं चालत न्हाई. विसरलोच."

माझे नेम गावाला पाठ होते. पाणी उकळून गाळलेलं. सूर्य मावळल्यावर अन्न नाही. रविवारी मीठ नाही, मंगळवारी तूप नाही. सकाळी बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, जाऊन भगवंतांचा अभिषेक बघायचा आणि तिथून आल्यावर जेवण होईपर्यंत मौन. मौनाचा नेम तेव्हा बारा वर्षांचा होता. कामाचे कागद सहीला यायचे ते नेमके त्याच वेळात. जप संपवून मी उठले, की हे पाटावर कागद मांडायचे आणि बोट ठेवतील तिथं मी सही करायची. त्या दिवशी मात्र साडेसातची बस धरायची म्हणून मी मौन घेतलं नव्हतं.

"आजही घेतलं असतंस तर बरं झालं असतं," हे बसमध्ये हसून म्हणाले होते. आता व्हरांड्यात त्यांनी पुन्हा बजावलं, "तुला काही विचारलं तर म्हणायचं, व्यवहार मालक बघतात, मी फक्त सही करते. संपलं."

"खरंच आहे ते."

"खरं आहे म्हणूनच सांगतोय. खोटं बोल म्हणालोय का मी?"

शिपायानं दारातून हाक दिली. "पार्श्व कन्स्ट्रक्शन! अर्जदार कोरे!"

साहेबांचं आडनाव देशभ्रतार. विदर्भाकडचे असावेत. चेहरा थकलेला, पण बोलणं स्वच्छ. बाजूला एक कारकून बाई जबाब लिहून घ्यायला बसल्या होत्या. साहेबांनी फाइलमधून एक कागद काढून माझ्यापुढं सरकवला.

"हे प्रतिज्ञापत्र. शेवटचं बिल घेताना तुम्ही दिलेलं. 'मी शपथेवर लिहून देते की, सदर कामास लागलेल्या साहित्याची सर्व देणी मी चुकती केली असून कोणाचेही येणे बाकी नाही.' खाली सही तुमची?"

"माझीच."

"वाचून केली होती?"

"साहेब, त्यांना व्यवहारातलं..." हे म्हणाले.

"मी त्यांना विचारतोय."

"वाचलं नव्हतं," मी म्हणाले. "व्यवहार मालक बघतात."

साहेबांनी मान हलवली. या उत्तराची त्यांना सवय असावी. "बायकांच्या नावानं परवाने, आणि बायकांना पत्ता नाही. लिहा," ते कारकून बाईंना म्हणाले, "प्रोप्रायटर यांस व्यवहाराची प्रत्यक्ष माहिती नाही." मग ह्यांच्याकडं वळले. "पैसे का दिले नाहीत?"

"मालाबद्दल तक्रार होती, साहेब. काही पोत्यांना गोळे झाले होते. म्हणून बिल थांबवलं. आता आमचं आपसात मिटलंय. दोन हप्त्यांत देतोय."

"कोरे, मिटलंय?"

"हां, साहेब."

"माल खराब होता?"

बसाप्पाण्णांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. टोपीशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. डोकं पार पांढरं झालं होतं.

"असंल, साहेब."

"असेल म्हणजे काय? होता की नव्हता?"

"हुता. गोळे झालं हुतं. पन्नासेक पोत्यांस्नी."

"आणि ते तुम्ही दवाखान्याच्या इमारतीला दिलं?" साहेबांचा आवाज चढला. "तिथं बाळंतिणी येऊन झोपणार, लहान मुलं येणार. मगदूम, वापरलंत की काय ते?"

"नाही, नाही. बाजूला काढलं, साहेब. टाकून दिलं."

"तुमचं नशीब. पण कोरे, असला माल सरकारी कामाला पाठवायला काही वाटत नाही तुम्हाला? उद्या तुमच्याही दुकानाची तपासणी लावतो मी. गळकं गोदाम असणार, दुसरं काय."

बसाप्पाण्णा खाली बघत होते. टोपीची घडी उलगडून पुन्हा घालत होते.

"व्हय, साहेब," ते म्हणाले. "चुकलं."

कारकून बाईंचं पेन कागदावर चालू झालं.

"गोळे झाले नव्हते," मी म्हणाले.

माझा आवाज मुळातच लहान. कारकून बाईंना ऐकू गेलं नाही. त्या लिहीत राहिल्या. साहेबांना मात्र ऐकू गेलं.

"काय म्हणालात?"

"राजमती," हे म्हणाले.

"स्लॅबच्या दिवशी पूजा मी करते. नारळ फोडल्यापासून स्लॅब पुरा होईपर्यंत तिथंच बसते. सगळी पोती माझ्यासमोर फुटली. पिठासारखं सिमेंट होतं. एकाही पोत्याला गोळा नव्हता."

बसाप्पाण्णांनी मान वर केली. त्यांच्या तोंडावर आनंद वगैरे काही नव्हता. घाबरल्यासारखे दिसत होते.

"अक्का, ऱ्हाऊ द्या की," ते पुटपुटले. "मिटलंय न्हवं?"

"थांबा." साहेबांनी हात वर केला. "मग पैसे का दिले नाहीत?"

"पैसे सवालात गेले."

"कसल्या सवालात?"

"आमच्या गावात नवी बस्ती झाली, म्हणजे जैन मंदिर. त्याच्या प्रतिष्ठेचा उत्सव होता, पंचकल्याणक. पाच दिवस चालतो. त्यात इंद्र आणि इंद्राणी कुणी व्हायचं, त्याची बोली लागते. तिला आमच्यात सवाल म्हणतात. जास्त बोलेल त्या जोडप्याला मान. आम्ही एक लाख एकावन्न हजार बोललो."

कारकून बाईंनी पेन थांबवून माझ्याकडं बघितलं. मग साहेबांकडं.

"बिल कधी मिळालं होतं तुम्हाला?"

"गुरुवारी. सवाल रविवारी होता."

ह्यांनी टेबलावर दोन्ही हात टेकले. "साहेब, हा निर्णय माझा होता. तिला काही माहीत नव्हतं. मी घरात एका शब्दानं बोललो नाही. भगवंताची शपथ घेऊन सांगतो."

ते खरं होतं. ह्यांनी कधीच सांगितलं नव्हतं.

साहेबांनी चष्मा काढला. आता ते माझ्याशी जरा मऊ बोलले.

"बाई, एक लक्षात घ्या. माहीत नव्हतं म्हणालात, तर ही चूक होते. मी ताकीद देऊन प्रकरण बंद करू शकतो. माहीत होतं म्हणालात, तर ते शपथेवर खोटं लिहून देणं होतं. मग माझ्या हातात काही राहत नाही. आता नीट विचार करून सांगा. ते पैसे कुणाचे होते, तुम्हाला माहीत होतं?"

खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. चार-पाच वेळा लाथ मारूनही ती सुरू झाली नाही.

"माहीत होतं," मी म्हणाले. "घरात दुसरे पैसेच नव्हते."

पुढं फार वेळ लागला नाही. जबाब लिहून झाल्यावर साहेबांनी तो माझ्याकडं दिला. "या वेळी वाचून सही करा," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. मी दोन्ही पानं वाचली. एका ठिकाणी 'सवाल'च्या जागी 'देणगी' असं लिहिलं होतं, ते दुरुस्त करून घेतलं आणि सही केली.

बाहेर आल्यावर हे थेट जिना उतरून गेले. मी मागं होते. बसाप्पाण्णांनी मला व्हरांड्यातच गाठलं.

"अक्का, मला तुमचा परवाना नको हुता. मला पैसे पायजे हुते."

"मला माहीत आहे, आण्णा."

"काय माहीत आहे? सिमेंट कंपनीनं दोन महिन्यांची मुदत दिलीय मला. बाकी भरली न्हाई, तर एजन्सी काढून घेणार. म्हणून अर्ज केला. अर्ज म्हंजे काय, नाक दाबायचं. मगदूम टाकीचं बिल घेणार, त्यातनं मला देणार, असं मिटवून आलो. आता टाकी गेली. म्हंजे माझं पैसं गेलं. तुमचं खरं मला लई महागात पडलं, अक्का."

"तुमच्या मालाला नाव ठेवत होते ते."

"ठेवू देत की! माझं नाव मीच विकायला काढलं हुतं. गिऱ्हाईक मिळालं हुतं. ते तुम्ही पळवून लावलं." त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, पण वाकडी बसली. जिन्याकडं निघाले आणि दोन पायऱ्यांवर थांबले.

"एक विचारू? त्या उत्सवाच्या मिरवणुकीला मी हुतो. बाजारपेठेतनं हत्ती आला. हौद्यात तुम्ही दोघं. दुकानापुढं थांबला तेव्हा मी फुलं टाकली. हात जोडलं. माझा देव वेगळा, पण म्हटलं, देव तो देव. तुम्ही वरनं बघितलं हुतं का मला?"

"बघितलं होतं."

"मग?"

"मान खाली घातली. लोक म्हणाले, इंद्राणी किती शांत दिसते."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग टोपी सरळ करून उतरून गेले.

बसमध्ये हे खिडकीपाशी बसले. हातकणंगले मागं पडलं. मग बाहेर बघतच म्हणाले, "बारा वर्षांत मी तुला एकदाही खोटं बोलायला सांगितलं नाही. आणि आजही नाही. गप्प राहायला सांगितलं होतं."

"हो," मी म्हणाले.

"तेवढंही झालं नाही तुला."

आठ दिवसांनी आदेश आला. परवाना पाच वर्षांसाठी निलंबित. टाकीचं काम दुसऱ्या नंबरवाल्याकडं गेलं. गावात बातमी पोचायला आठ दिवसही लागले नाहीत. बस्तीत बायका माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलत होत्या, फक्त जरा जास्त वेळ बघत होत्या. एक म्हातारी मात्र सरळ म्हणाली, "राजमती, धर्माचं काम कोडतात सांगतात होय गं?" मी म्हणाले, "कोर्ट नव्हतं, मावशी. ऑफिस होतं." मौनाचा नेम मी सोडला नाही. त्या वेळात सही करणं सोडलं.

महिनाभरानं एका सकाळी बसाप्पाण्णा घरी आले. मी नुकतीच जेवून उठले होते. हे पडवीत बसले होते. त्या दिवसांत ते बहुतेक वेळ पडवीतच बसायचे. बसाप्पाण्णांनी पाणी मागितलं. मी उकळलेलं दिलं, ते पिऊन तोंड वाकडं केलं.

"मगदूम, मेव्हण्याकडनं उसनं घेऊन कंपनीची बाकी भरली. एजन्सी वाचली. मेव्हणा आता घरात येऊन माझ्या बायकोपुढं मिशा पिळतोय. तवा माझे पैसे द्या."

"कुठनं देऊ, आण्णा? बघताय ना."

"बघतोय. म्हणूनच आलोय. पैसे न्हाईत, तर माणूस द्या."

ह्यांना कळलं नाही. मलाही नाही.

"गोदाम बघायला या. निम्मा पगार हातात, निम्मा उधारीत वळता. किती वर्षं लागतील ते लागू देत. बसून काय करताय? माशा मारताय?"

"तुमच्या दुकानात? मी?" हे उठून उभे राहिले. "लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, चोराच्या हातात किल्ल्या दिल्या. म्हणू देत. कुलपं चोरालाच कळत्यात."

मला वाटलं, हे आता त्यांना घरातून घालवतील. पण हे आत आले, माझ्याकडं न बघता खुंटीवरचा शर्ट घेतला आणि बाहेर जाऊन बसाप्पाण्णांच्या मागून चालू लागले. दोघांत चार हातांचं अंतर होतं.

कुठल्या कामाला किती सिमेंट, किती सळई लागेल, हे ह्यांच्याइतकं गावात कुणाला कळत नव्हतं. लोक घराचा नकाशा घेऊन दुकानात यायला लागले. ठेकेदार उधारी मागायला आले, की हे पहिल्यांदा विचारायचे, "परवाना कुणाच्या नावावर आहे? बायकोच्या? मग बायकोला घेऊन या." लोक चेष्टा करायचे. दोघं-तिघं खरंच बायकांना घेऊन आले. हे त्या बायकांना खुर्ची द्यायचे आणि उधारीचा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवायचे. यातलं काही मला ह्यांनी सांगितलं नाही. त्यांच्यातल्याच एकीनं सांगितलं. घरी हे दुकानाबद्दल बोलत नसत. माझ्याशीही कामापुरतंच बोलत. उत्सव आले, सवाल झाले, तेव्हा मंडपात ते पुरुषांच्या शेवटच्या ओळीत बसत.

पावणेपाच वर्षं गेली. एका संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत मी ताट वाढलं, तेव्हा हे म्हणाले, "आज आण्णांनी सांगितलं. फिटलं सगळं. उद्यापासून मोकळे म्हणाले."

"बरं झालं."

"हं."

बांधकाम खात्याचं पत्र त्याच आठवड्यात येऊन पडलं होतं. निलंबनाची मुदत संपत आली आहे, फी आणि प्रतिज्ञापत्र भरल्यास नोंदणी पुन्हा चालू करता येईल. पत्र माझ्या नावानं होतं. मी ते वाचून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी अंघोळ केली, गंध लावलं आणि खुंटीवरचा शर्ट घातला. मी अजून बस्तीत गेले नव्हते. पत्र घेऊन पडवीत आले.

"ह्याची शेवटची तारीख शुक्रवारची आहे. भरायची का फी?"

त्यांनी पत्र घेतलं. उभ्या उभ्या दोनदा वाचलं. घडी घालून परत माझ्या हातात दिलं.

"तुझ्या नावावर आहे. तू बघ."

"मी तुम्हाला विचारतेय."

ते चपला शोधत होते. एक सापडली, दुसरी पायरीखाली गेली होती. पायानंच ओढून काढली.

"मला आता बोलायला वेळ नाही," हे म्हणाले. "आठ वाजता सिमेंटचा ट्रक यायचाय. पोती मोजून घ्यायला कोण आहे तिथं?"